आज काय काय केलं

तेवीस वर्षं मी इंग्रजी शिकवतेय आणि येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "बाई, किती दिवसांत येईल?" पूर्वी मी सांगायची, सहा महिन्यांत. मग सांगायला लागले, बघू. हल्ली नुसतं म्हणते, "बसा आधी." उभ्या उभ्या काही येत नसतं.

मायव्वा बसली नाही. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभी राहिली. दोन्ही हात खाली सोडलेले, दुसऱ्या कुणाचे तरी आणून जोडल्यासारखे. "बसले तर उठायची न्हाई, बाई," ती म्हणाली. "हितंच झोपंन. दिसभर हात वर असत्यात."

तिला घेऊन आला होता भरतेश, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत तो बागांवरचा साहेब. साहेब म्हणजे मोटारसायकल कंपनीची आणि शिव्या सगळ्यांच्या. मायव्वा जतकडची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून तिचं गाव. दर वर्षी अठरा बायकांची टोळी घेऊन ती आमच्या मिरजेच्या बाजूला बागांच्या कामाला येते आणि छाटणीपासून काढणीपर्यंत बागेतल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहते. यंदा कंपनीनं नवा नियम काढला होता. टोळीनं रोज काय केलं ते टोळीच्या मुख्य बाईनं स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं, आणि तेही इंग्रजीत, कारण माल घेणारे लोक ते वाचतात. तपासणीला माणूस येईल, वही उघडून तिलाच विचारेल. जमलं नाही तर टोळी बदलायची.

"गेल्या वर्षी आमच्यातल्या एकानं दोन महिन्यांची वही एका बैठकीत लिहिली," भरतेश म्हणाला. "एकाच पेनानं. तपासणीत सापडला."

"तो एक म्हणजे तूच का?"

"मावशी, चहा कर की."

मी चहा ठेवला. गुडघा कुरकुरला. माझ्याकडं त्या वेळी सकाळी दहावीची मुलं होती, दुपारी परदेशी जायला निघालेल्या चार नर्स आणि पाचच्या सुमाराला एका सुनेला तिच्या मुलाच्या शाळेत बोलण्यापुरतं इंग्रजी. आमच्या जैनांत जेवण सूर्य बुडायच्या आत होतं, म्हणजे संध्याकाळी साडेसहानंतरचा वेळ तेवढा माझा. तोच मी मायव्वाला दिला. मोठ्या मनानं नाही. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

"कन्नड शाळेत पाचवी शिकलीया मी," ती म्हणाली. "एबीशीडी खताच्या पोत्यावर बघितली, तेवढीच. इंग्रजी एक शबुद येत न्हाई."

"आज काय काम केलंस?"

"थिनिंग."

"काल?"

"काल बी थिनिंग. त्याच्या आदी दुसऱ्या बागंत डिपिंग. छाटणीच्या टायमाला काड्यास्नी पेस्टिंग."

मी खडू खाली ठेवला. "हे इंग्रजीच आहे की, मायव्वा."

"न्हाई वो," ती हसली. माझीच कीव आल्यासारखी. "ही बागंतली भाषा हाय."

मग मी फळ्यावर लिहून दाखवलं. 'इंग'चं शेपूट काढ, म्हटलं, आत काम सापडेल. थिन, डिप, पेस्ट. घडातले दाटीचे मणी बारक्या कात्रीनं काढायचे की झालं थिन. घड औषधाच्या पाण्यात बुचकळला की डिप. छाटलेल्या काडीला औषध फासलं की पेस्ट. ती फळ्याकडं बघत राहिली आणि आपसूक तिचा उजवा हात वर गेला, अंगठा आणि मधलं बोट कात्री धरल्यासारखी हलली. हात आधी, शब्द मागनं. मला बरं वाटलं. निम्मं काम तिच्या हातांनी आधीच करून ठेवलं होतं.

*

माझी शिकवण्याची रीत कुठल्या पुस्तकातली नाही.

आमच्यात सांगतात, आदिनाथ भगवंतांनी लिपी पहिल्यांदा शिकवली ती आपल्या लेकीला, ब्राह्मीला. माझंही नाव ब्राह्मी. माझ्या वडिलांनी मला नववीतून काढलं आणि फलटणहून इकडं देऊन टाकलं. नावाला जागायचं काम माझ्यावरच सोडलं.

सासूबाई, राजमती त्यांचं नाव, रोज संध्याकाळी आलोचना करायच्या. म्हणजे दिवसभरात हातून काय काय घडलं ते भगवंतापुढं बसून एकेक सांगायचं. चूल पेटवली. पाणी उपसलं. केर काढला. भाजी चिरली. त्यात जे जीव गेले असतील त्यांची क्षमा मागायची. मलाही शेजारी बसवायच्या आणि म्हणायच्या, मोठ्यानं म्हण. माझी पंचाईत अशी की माझ्या यादीत बरंच काही सासूबाईंविषयीच असायचं. तेव्हा मी धाकट्या दिराचं इंग्रजीचं पुस्तक आणि एक फाटका शब्दकोश घेतला आणि इंग्रजीत सांगायला लागले. आय स्वीप. आय बर्न. आय ईट जिलेबी. आय हाइड. सासूबाईंना वाटायचं सून फार मन लावून बसते. भगवंताला इंग्रजी येत असणारच.

त्यातनं मला एक कळलं. आलोचनेत चांगली बाई, वाईट बाई असलं काही चालत नाही. तुम्ही कशा आहात हे कुणी विचारत नाही. काय केलंत ते सांगा. कुणी केलं, काय केलं, संपलं. इंग्रजी इथनंच सुरू करावं. बाकीचं नटणं-मुरडणं नंतर. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, एका पोलिसाला सांगितलं, नर्सना सांगितलं. रोज संध्याकाळी दहा वाक्यं. आज काय काय केलं. आधी करणारा, मग काम. आणि खोटं लिहायचं नाही. पाप-पुण्याचं जाऊ दे, खोट्याला व्याकरण जास्त लागतं आणि ते तुम्हांला अजून येत नाही.

मायव्वाला हे पटलं. तिनं विचारलं, "म्हंजे कंपनीची वही बी तशीच?"

"तशीच," मी म्हणाले. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. पक्षी मारायचं आमच्यात पाप आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

महिनाभर ती कंपनीचीच वही घेऊन येत राहिली. पेन्सिल कात्रीसारखी धरायची. मोठी अक्षरं तेवढी काढायची, पोत्यावर असतात तशी. पहिली पानं सगळी सारखीच होती. वुई गो. वुई थिन. वुई ईट. वुई थिन. वुई कम. मग हळूहळू कामं वाढली. वुई बेंड. वुई लिफ्ट. वुई ड्रिंक. वुई लाफ. एकदा 'वुई स्लीप' लिहिता लिहिता खरंच डोळा लागला तिचा, 'स्लीप'च्या शेवटच्या अक्षराची शेपटी पार वहीच्या कडेपर्यंत गेली. मी उठवलं नाही. गॅस बंद करून तिच्यासमोर बसून राहिले. दोघींनाही दिवस पुरेसा झाला होता.

"शेडवर गेल्यावर मी वाचून दावती बायकास्नी," ती एकदा म्हणाली. "भाकऱ्या झाल्या की गोल बसत्यात. आज काय केलं आपुन, वाच म्हंत्यात. आता एकेक भांडाया लागलीया. माझं नाव कुठाय, म्हंती. पाणी मी आणलंतं, मग वुई कसं लिवलंस?"

"मग नावं घालावीत."

"घातली. काल लिवलं, अर्जुना ब्रिंग वॉटर. अर्जुना लय खूश. वही हातात घिऊन बसली. रेशनकार्डाबगर कशात नाव न्हवतं तिचं."

अर्जुना त्यांच्यातली सगळ्यांत लहान, बावीस-तेवीसची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

*

एकतिसाव्या दिवशी मायव्वा उशिरा आली. कोपऱ्यातल्या चटईवर बसली. एरवी बस म्हणावं लागणारी ती आपण होऊन बसली, हेच मला कळायला हवं होतं. पण नर्सांच्या उत्तरपत्रिका माझ्या मांडीवर होत्या, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती आणि 'आय हॅव गिव्हन द इंजेक्शन' हे वाक्य चार जणींनी चार प्रकारांनी चुकवलं होतं.

"बाई, उलटीला काय म्हंत्यात?"

"व्हॉमिट." मी एकेक अक्षर सांगितलं.

ती लिहीत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "उचलून न्ह्यायला?"

"कॅरी. आर दोनदा."

"थांबायला?"

"वेट. जड असतं ते वेट वेगळं, हे वेगळं."

शेवटी तिनं वही पुढं केली. मी लाल पेन उचललं, 'कॅरी'तला एक आर जोडला, खाली बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. ती निघाली. दारात म्हणाली, "जाती, बाई." रोज ती 'येती' म्हणते.

सकाळी पाणी भरताना मला ते पान आठवलं. वाचताना नुसती अक्षरं दिसली होती, आता माणसं दिसली.

वुई गो टू गार्डन. वुई सी बोर्ड. वुई स्टॉप. सर से गो. वुई गो इन. वुई कट. अर्जुना फॉल. अर्जुना व्हॉमिट. वुई कॅरी अर्जुना. वुई वॉश अर्जुना. वुई वेट. वुई गो इन.

तेवीस वर्षांत एवढं स्वच्छ इंग्रजी माझ्याकडं कुणी लिहिलं नव्हतं. आणि मी त्यात एक आर घातला.

*

भरतेश त्याच दिवशी चार वाजता आला. चहा मागितला नाही. पिशवीतनं त्यानं मायव्वाची वही काढली, मग तशीच दुसरी कोरी वही, आणि चार पेनं. दोन निळी, एक काळं, एक हिरवट निळं.

"मावशी, परवा तपासणी आहे."

"अर्जुना कशी आहे?"

"बरी आहे. सलाइन लावलं. झोपून आहे शेडमध्ये." तो माझ्याकडं बघत नव्हता. "बागवाल्यानं सकाळी फवारा मारला. एक दिवस आत जायचं नसतं, बोर्ड लावलेला. पण त्या तुकड्याचं थिनिंग दोन दिवस मागं पडलंय, वरून फोनवर फोन. मी म्हटलं, जावा. मी रोज त्यातनंच फिरतो, मला काही होत नाही."

"तू हात वर करून दिवसभर पानांत तोंड घालून उभा राहतोस का?"

त्यानं मायव्वाची वही माझ्यासमोर उघडली. मग म्हणाला, "पान फाडता येत नाही, नंबर छापलेत. त्यावर तुझी लाल खूण आहे, मावशी. तू टिक मारलीस."

"मारली."

"म्हणून म्हणतो, तूच लिही. तिच्यासारखी मोठी अक्षरं. एकतीस दिवस. एकतिसाव्याला नुसतं, वुई थिन. पेनं बदलत राहा. मधे एखाद्या पानावर चहाचा थेंब सांड." थांबून म्हणाला, "ते पान राहिलं तर बाग निर्यातीतनं बाद होईल. टोळी बंद. अजून नऊ दिवसांचं थिनिंग आहे, मग काढणी, सगळं जाईल. आणि मी तर जाईनच. ऐकतेस का?"

ऐकत होते. हा मुलगा दोन वर्षांचा असताना माझ्या बहिणीला कावीळ झाली, तेव्हा सहा महिने माझ्या कडेवर होता. त्याचं नवं लग्न, बायकोला दिवस गेलेले. तिकडं अठरा बायका. एका पानानं कुणाचं काय भलं होणार होतं? अर्जुना बरी झाली होती. मी दमले होते. दमलेल्या माणसाला चुकीची गोष्ट फार सोपी करून दिली की तो हात पुढं करतो, त्यात मन वाईट असावं लागत नाही.

तो सातला येतो म्हणून गेला, पाचच्या सुनेला मी परत पाठवलं आणि लिहायला बसले. वुई गो. वुई थिन. वुई ईट. मायव्वासारखी मोठी अक्षरं काढताना अंगठा दुखायला लागला. दर तीन पानांनी पेन बदललं. पाचव्या पानावर चहाचा थेंब टाकला, तो फार गोल पडला म्हणून बोटानं पसरला. आमचे हे, जिनदत्त, पेंडीच्या दुकानातनं जेवायला आले, त्यांनी बघितलं आणि हात धुतले. मी वाढलं. ते जेवले. मी परत बसले. अकरा पानं झाली.

साडेसहाला मायव्वा आली. वही लपवावी असं मनात आलं, पण गुडघ्यानं उठू दिलं नाही.

तिनं दोन्ही वह्या पाहिल्या. नवी हातात घेतली, पानं उलटली. कन्नड शाळेतली पाचवी, पण तिला कळायला इंग्रजीची गरज नव्हती.

"माझ्यापरीस चांगलं जमलंय तुमाला," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत मोटारसायकल वाजली, सातच्या आधीच. भरतेश आत आला, तिला बघून दारातच थांबला. मग चप्पल काढून भिंतीला टेकून उभा राहिला. खोलीत बसलेली एकटी मीच.

"मायव्वाक्का, तुमच्याच भल्याचं आहे," तो म्हणाला.

"व्हय. कळतंय की." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच अवघड जात होतं. "ते पान ऱ्हायलं तर काम जाणार?"

"जाणार. तुमचं बी, माझं बी."

"आणि न्हाई ऱ्हायलं तर?"

"तर काय नाही. चालू."

ती कोऱ्या पानांवर हात फिरवत राहिली. "काल रातच्याला भाकऱ्या झाल्यावर वाचलं मी ते. बायका बसलेल्या. अर्जुना गोधडीत. म्हणाली, अक्का, परत वाच. तीनदा वाचलं. आता आज गेल्यावर काय वाचू?"

"त्यांना कुठं कळतंय इंग्रजी, अक्का?"

"आमाला पडल्यालं कळतंय, साहेब."

भरतेशनं मान खाली घातली. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागच्या गाण्यासकट. 

मग मायव्वा माझ्यासमोर चटईवर बसली. कंपनीची जुनी वही तिनं एकतिसाव्या पानावर उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वुई गो इन, दुसऱ्यांदा लिहिलेलं.

"बाई, ह्यात एक ऱ्हायलंय. अर्जुनाला धुतली, लिंबाखाली निजवली. बायका म्हणाल्या, आता आत जायाचं न्हाई. साहेब तवा न्हवतं तितं. गेलतं. दुसऱ्यांदा जावा मी म्हणली. अर्दा दिस बुडंल म्हणून. म्याच म्हणली." तिनं पेन्सिल मागितली नाही, माझं निळं पेन उचललं. "ते कसं लिवायचं?"

"आय से गो," मी म्हणाले.

"आयचा एकच दांडा ना?"

"एकच."

तिनं लिहिलं. खाली जागा नव्हती म्हणून कडेला, उभं. आय से गो. मग वही लांब धरून बघितली, घड बघतात तशी, मणी कुठं दाट राहिलेत का.

"ही लाल खूण खोडायची का?" तिनं मला विचारलं. "तुमच्यावर येईल."

भरतेश माझ्याकडं बघत होता. कडेवरचा होता तेव्हा असाच बघायचा, उतरवू नको म्हणून.

"राहू दे," मी म्हणाले. "बरोबरच आहे ते."

तो गेला. चप्पल घालायला त्याला फार वेळ लागला, पण मी बाहेर गेले नाही.

*

तपासणीचं मी ऐकलं ते मायव्वाकडनं, ती झाल्यावर दोन दिवसांनी. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. "तुमच्यावानीच, पाय सुजल्याली," मायव्वा म्हणाली. सकाळपासनंची त्यांची तिसरी बाग होती. खुर्चीवर बसून त्यांनी पानं उलटली, एकतिसाव्यावर थांबल्या. पुन्हा पहिल्यापासनं वाचलं. मग विचारलं, हे कडेला काय आहे?

"म्या सांगितलं. दुसऱ्यांदा जावा म्हणणारी मी."

"मग?"

"मग त्यांनी इचारलं, आणि हे पयले सर कोन? मी गप. बागवालं गप. मग तुमच्या भाच्यानं हात वर केला. शाळंतल्यावानी. म्हणाला, मी."

त्या बाईंनी कुणाला रागावलं नाही म्हणे. कागदावर लिहीत राहिल्या. पाणी मागितलं, प्यायल्या, अर्जुनाला बघायला शेडमध्ये गेल्या, तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि निघाल्या.

जे व्हायचं ते झालं. ती बाग यंदाच्या निर्यातीतनं गेली. माल आता बेदाण्याला जाणार, वाळवून. टोळीचं काम त्याच संध्याकाळी थांबलं. भरतेशला कंपनीनं बागांवरनं काढून लोणंदला कांद्याच्या गोदामावर बसवलं. नोकरी गेली नाही, गेल्यासारखी झाली. माझ्या बहिणीनं फोन केला. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "ब्राह्मी, त्याला तू सांभाळलंवतंस." आणि ठेवला.

मायव्वा आली होती ती निरोप घ्यायला. टोळी गावी निघाली होती. बागवाल्यानं ट्रॅक्टर द्यायचं नाकारलं, म्हणून सगळ्या बोचकी घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत बसल्या होत्या.

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"बघू. ही बातमी सगळीकडं गेलीया. एक जण म्हंतो, त्या लिवणाऱ्या बाईला नको. दुसरा म्हंतो, तपासणीला तिचीच वही बरी." तिनं खांदे उडवले. त्यात दुखलं असावं, कारण मान चोळली. "अर्जुना म्हंती, मला शिकीव. काय शिकवू, बाई? मला तर चाळीस कामं येत्यात."

"चाळीस पुष्कळ झाली. दहावीच्या पोरांना तेवढी येत नाहीत."

तिची नजर टेबलावरच्या त्या दुसऱ्या वहीवर गेली. मी ती तशीच ठेवली होती, टाकवतही नव्हती आणि उघडवतही नव्हती.

"त्यात कोरी पानं हायत की," ती म्हणाली.

मी सुरुवातीची, लिहिलेली अकरा पानं धरून फाडली. कडा सरळ आल्या नाहीत. उरलेली वही तिला दिली, चारांतली दोन पेनंही. तिनं ती लुगड्याच्या घडीत खोचली आणि मला वाकून नमस्कार करायला लागली. मी हात धरला. तिचे हात तेव्हाही जड होते, आणि माझेही काही हलके नव्हते.

"येती," ती म्हणाली.

ती फाट्याकडं वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन ती अकरा पानं बंबात घातली. चहाचा डाग पडलेलं पान जरा उशिरा पेटलं.

सासूबाई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. तरी त्यांच्या जागेवर मी रोज बसते. त्या दिवशीही बसले. आता लपवायला घरात कुणी नाही, पण सवयीनं इंग्रजीतच सुरू होतं. आय ओपन द डोअर. आय टीच. आय राइट. आय टेअर. आय बर्न. भरतेशपर्यंत आले आणि अडले. त्याला मी उतरवलं, की तो आपला आपण उतरला? चाळीस कामं मायव्वाला येतात, मला काही हजार येत असतील. त्यांतलं एकही तिथं बसेना. शेवटी मी मराठीतच म्हणाले, त्याला लोणंदला जाऊन भेटायचं आहे. हे आलोचनेत चालत नाही. तिथं केलेलं सांगायचं असतं, करायचं नाही.

"अगं, आटप," जिनदत्त आतून म्हणाले. "दिवस बुडतोय. जेवायचंय ना?"

मी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले.